ओटीपी न येता गेलेले पैसे

क्रेडिट कार्डाला पासवर्ड आहे, व्यवहाराला ओटीपी लागतो, म्हणजे पैसे सुरक्षित, असं आमच्याकडे येणारे बहुतेक लोक धरून चालतात. कर्वे रस्त्यावरच्या एका बँकेच्या शाखेत कार्डांच्या तक्रारी मी बघते. 2023च्या पावसाळ्यातला एक सोमवार मला आजही तपशीलवार आठवतो, कारण त्या दिवशी प्रश्न पैशांपेक्षा मोठा झाला होता.

शाखा उघडायच्या आधीच एक काका पायरीवर उभे होते. खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झालेले, सत्तरीच्या पुढचे. पिशवीत कार्ड, मागची स्टेटमेंटं आणि मोबाइलवर आलेला मेसेज सुवाच्य अक्षरात उतरवलेला कागद. शनिवारी मध्यरात्रीनंतर कोण्या परदेशी वेबसाइटवर त्यांच्या कार्डावरून डॉलरमध्ये खरेदी झाली होती. रुपयांत 42 हजारांहून जास्त. रविवारी सकाळी मेसेज बघताच त्यांनी हेल्पलाइनला फोन करून कार्ड बंद केलं होतं, तक्रार क्रमांकही लिहून घेतला होता. इतकं व्यवस्थित वागणारा ग्राहक क्वचित भेटतो.

"मॅडम, ओटीपी आलाच नाही मला. पण मुलगा म्हणतो, बाबा, तुम्ही कुणाला तरी सांगितला असणार, आता आठवत नाही तुम्हाला. काल दिवसभर घरात हेच चाललंय."

पैसे गेल्याचं दुःख होतंच, पण आपल्या स्मरणशक्तीवर घरातल्यांनी शंका घेतली, हे त्यांना जास्त लागलं होतं.

मी त्यांना खुर्चीवर बसवून समजावून सांगितलं. इंटरनेटवर कार्ड वापरताना नंबराशिवाय आणखी एक पडताळणी हवीच, हा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 ऑगस्ट 2009 पासून आहे. सुरुवातीला त्यासाठी ग्राहकाने स्वतः ठरवलेला पासवर्ड असायचा, पुढे ओटीपी आला. पण ही सक्ती देशातल्या व्यवहारांना होती. परदेशातल्या कितीतरी वेबसाइटना कार्डाचा नंबर, मुदतीची तारीख आणि मागचे तीन आकडे मिळाले की पुरे. तिथे ओटीपी मागितलाच जात नाही, मग तो येणार कुठून? काकांचं पुढचं दार भक्कम बंद होतं, चोर मागच्या दाराने आला होता.

आणि ते मागचं दार बंदच असायला हवं होतं. 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने ठरवलं, की नवं कार्ड देताना ते फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालेल असंच द्यायचं. ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून पैसे देण्याची सोय ग्राहकाने मागितली तरच सुरू करायची. काकांच्या कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार सुरू दिसत होते. विचारलं तर कळलं, आदल्या वर्षी ते मुलीकडे सिंगापूरला गेले होते. निघताना मुलाने अ‍ॅपमधून सगळं चालू करून दिलं, परत आल्यावर बंद करायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. नंबर कुठून फुटला हे मात्र मी त्यांना सांगू शकले नाही.

"हे तुम्ही माझ्या मुलाला सांगाल का?" त्यांनी विचारलं. मी त्यांच्याच फोनवरून बोलले. ओटीपीशिवाय व्यवहार झालाय, त्यामुळे बाबांनी तो कुणाला सांगण्याचा प्रश्नच येत नाही, एवढं स्पष्ट सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "बाबांना फोन द्या."

रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017च्या परिपत्रकानुसार अशा प्रकरणात, जिथे ना बँकेची चूक ना ग्राहकाची, तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर एक रुपयाचीही जबाबदारी येत नाही. दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती जमा करायची असते, आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याचा भारही बँकेवर असतो. मी डिस्प्यूट फॉर्म भरून घेतला, काकांनी प्रत्येक ओळ वाचून सही केली.

दुपारी बाणेरहून एक तरुण आला. त्याच्याकडे ओटीपी आला होता, आणि रिवॉर्ड पॉइंट संपताहेत असं सांगणाऱ्या माणसाला त्याने तो दोनदा वाचून दाखवला होता. मेसेजमध्ये रक्कम आणि दुकानाचं नाव स्वच्छ लिहिलेलं होतं. सारखीच फसवणूक, पण निकाल उलटा. ग्राहकाने स्वतः ओटीपी दिला की बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच. त्यानंतर झालेलं नुकसान बँकेचं, म्हणून 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर आणि बँकेच्या हेल्पलाइनवर त्याने किती वाजता फोन केला, ते मिनिटासकट लिहून घेतलं. नंतरचा एक व्यवहार त्यामुळे वाचला, आधीचे दोन गेले.

मला हा नियम कठोर वाटतो. भामट्याचा आवाज, त्याने लावलेली घाई, खरं वाटणारं नाव, यातलं काहीच कागदावर येत नाही. कागदावर येतो तो फक्त बरोबर टाकलेला ओटीपी, आणि तो ग्राहकाच्या विरुद्ध पुरावा ठरतो. तरीही कार्डाला पासवर्ड हवाच, यात मला शंका नाही. ज्या व्यवहारात तो मागितला जातो, तिथे नुसता नंबर चोरणाऱ्याचे हात बांधलेले राहतात. काकांना तो वाचवू शकला नाही, पण ओटीपी आलाच नाही म्हणून त्यांची बाजू खरी ठरली.

काकांची रक्कम मुदतीच्या आत जमा झाली आणि चौकशीनंतर कायम राहिली. नवं कार्ड न्यायला ते मुलाला घेऊन आले. परदेशी व्यवहार बंद, टॅप बंद, ऑनलाइनची मर्यादा 10 हजार. हे सगळं मुलगा करायला गेला, तेव्हा काकांनी फोन त्याच्या हातून काढून घेतला आणि मला म्हणाले, "मला शिकवा. मीच करणार."

तेव्हापासून परदेशी व्यवहार सुरू करून घ्यायला कोणी आलं की परतीची तारीख विचारते, आणि ती उलटली की स्वतः फोन करते.