जांभळा बल्ब मिळेल का?

नाशिकला रविवार कारंजाजवळ माझं विजेच्या सामानाचं दुकान आहे. हल्ली अधूनमधून कोणी ना कोणी "झाडांचा जांभळा बल्ब" मागायला येतं. बहुतेक पाथर्डी फाटा, इंदिरानगरकडची फ्लॅटवाली मंडळी. खिडकी डक्टकडे, आणि तुळस लांबुडकी, फिकट, एका अंगाला कललेली. मी आधी विचारतो, बल्ब लावणार कुठे? उत्तर ठरलेलं: छताला.

मग काय उपयोग! बल्ब आणि पान यांतलं अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. नऊ फुटांवरचा बल्ब एका फुटावर आणा, उजेड साधारण ८१ पट. आपल्याला हे जाणवत नाही, कारण डोळा सांभाळून घेतो. भर दुपारी रामकुंडावर उन्हात लाखभर लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. ट्यूब लावलेल्या हॉलमध्ये दोन-तीनशे. तुळशीच्या लेखी तो अंधारच. म्हणून ती उजेड शोधत उंच होते, आणि लोक म्हणतात, "काय छान वाढली!"

हरितद्रव्य निळा आणि तांबडा उजेड जास्त शोषतं, म्हणून जांभळ्या दिव्यात हे दोनच रंग. पण साध्या पांढऱ्या एलईडीतही आतली चिप निळीच असते. वरच्या पिवळ्या लेपामुळे बाकीचे रंग मिळतात. शिवाय जांभळ्या उजेडात पान पिवळं पडलंय की मावा लागलाय, काही दिसत नाही. पांढरा बल्ब घ्या, टेबल लॅम्पला लावा, पानांपासून फूटभर ठेवा, दिवसाचे बारा-चौदा तास. पुदिना नीट येतो. टोमॅटोचा नाद सोडा. (जांभळ्यात मला नफा जास्त आहे, तरी सांगतोय.)

रात्री मात्र दिवा बंद. पंचवटीतल्या एका काकूंच्या शेवंतीला दिवाळी आली तरी नुसता पाला. खतं घालून झाली. कुंडी कुठे, तर पार्किंगच्या रात्रभर जळणाऱ्या दिव्याखाली! शेवंतीला कळी धरायला लांब, सलग रात्र लागते. मध्येच उजेड पडला की तिच्या हिशेबात ती रात्र मोडते. दिवसाच्या लांबीवर फुलणं ठरतं, हे गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० मध्येच तंबाखू-सोयाबीनवर दाखवलं होतं. पॉलिहाऊसवाले तर मुद्दाम रात्री दिवे लावून शेवंतीचा बहर लांबवतात.

काकूंना म्हटलं, कुंडी मागे अंधारात हलवा. तर म्हणाल्या, "चोरीला जाईल रे. त्यापेक्षा तूच त्या दिव्याला सेन्सर बसव, आणि चेअरमनशी पण तूच बोल."

सेन्सर काढून ठेवलाय. चेअरमन अजून भेटायचेत.