रडारसॅट-1, व्हँकुव्हर: जहाजं एकदाची फोकस झाली

उपग्रहावरच्या रडारच्या रॉ डेटापासून, म्हणजे कच्च्या प्रतिध्वनींपासून, स्वतः चित्र काढायचा उद्योग अझिमथ कॉम्प्रेशनपर्यंत (उपग्रहाच्या प्रवासाच्या दिशेने चित्र रेखीव करण्यापर्यंत) पोचला. डेटा तोच, शिकणाऱ्या बहुतेकांच्या हाती पडणारा: कॅनडाच्या रडारसॅट-1 या रडार उपग्रहाने 2002 साली टिपलेलं व्हँकुव्हर. सी-बँड, 5.3 गिगाहर्ट्झ, पीआरएफ (सेकंदाला पाठवलेले स्पंद) 1257 हर्ट्झ. एका स्पंदाचा प्रतिध्वनी म्हणजे डेटाची एक ओळ. रेंज कॉम्प्रेशनबद्दल (रडारपासूनच्या अंतराच्या दिशेने रेखीव करण्याबद्दल) सांगण्यासारखं विशेष नाही. 30 मेगाहर्ट्झचा चर्प (वारंवारता सरकत जाणारा स्पंद), त्याच्याशी जुळणारा मॅच्ड फिल्टर, एफएफटी (वारंवारतांमध्ये रूपांतर), गुणाकार, उलट एफएफटी, झालं.

खरी गंमत डॉप्लर सेंट्रॉइडची, म्हणजे बीमच्या मध्यावर दिसणाऱ्या डॉप्लर वारंवारतेची. युरोपचे ईआरएस उपग्रह पृथ्वीच्या फिरण्याची भरपाई स्वतःच अंग वळवून करायचे. रडारसॅट-1 तसं करत नसे. त्यामुळे इथे बीम दीडएक अंश मागे कललेला आहे आणि सेंट्रॉइड उणे 6900 हर्ट्झच्या आसपास. पीआरएफच्या जवळजवळ साडेपाचपट! लगतच्या दोन ओळींमधल्या फेजच्या फरकातून या पटीचा फक्त अपूर्णांक हाती लागतो, पूर्णांक आपला आपण शोधायचा. त्यात हा अपूर्णांकही नेमका अर्ध्याला चिकटलेला. जरा हलला की +0.49चा −0.49 होतो. रेंजच्या दिशेने अनरॅप केल्याशिवाय (अशा उड्या काढून टाकल्याशिवाय) सरळ रेषा बसवायला जाऊ नका.

पूर्णांकासाठी क्रॉस-कोरिलेशनच्या तयार पद्धती आहेत, पण मला डोळ्यांनी बघणं जास्त पटतं. इंग्लिश बेमध्ये जहाजं नांगरून उभी आहेत, मागे काळं पाणी. त्यातलं एक झगझगीत जहाज घेतलं. (शक्यतो कमी डुलणारं निवडा.) रेंज कॉम्प्रेशननंतर त्याची रेषा तिरकी दिसते: साधारण 30 ओळींमागे एक सँपल, म्हणजे 4.6 मीटर, सरकते. सेंट्रॉइड एक पीआरएफ इकडे, उणे 5640 असता तर त्याच सरकण्याला 36 ओळी लागल्या असत्या, एक पीआरएफ तिकडे, उणे 8160 असता तर 25. वाद मिटला.

जहाज बीममध्ये राहतं तेवढ्या अर्ध्याएक सेकंदात रेषा शंभरेक मीटर सरकते, पण तिचा वक्र भाग जेमतेम दीड मीटर. म्हणून ओमेगा-के किंवा चर्प स्केलिंग या दुसऱ्या अल्गोरिदमांच्या मागे लगेच धावण्यात अर्थ नाही. सीसॅट या रडार उपग्रहाच्या काळात, 1978च्या आगेमागे घडलेला रेंज-डॉप्लर अल्गोरिदम इथे पुरून उरतो. पथ्य एकच: रेंज मायग्रेशन (रेषेचं हेच सरकणं) काढताना प्रत्येक डॉप्लर बिनला (वारंवारतेच्या कप्प्याला) त्याची खरी वारंवारता द्यायची, म्हणजे उणे 7528 ते उणे 6272 यांच्यातली, बेसबँडची (शून्याभोवती दुमडलेली) नाही. इंटरपोलेशनला (सँपलांच्या मधली किंमत काढायला) आठ बिंदूंचा सिंक फिल्टर, विंडो लावून. नुसतं जवळचं सँपल उचललं तर वेळ वाचतो, पण जहाजाच्या दोन्ही अंगांना अझिमथमध्ये फिकट भुतं उगवतात. काळ्या पाण्यावर ती लगेच डोळ्यांत खुपतात.

आता त्याच जहाजावर बॅकप्रोजेक्शन (एकेक बिंदू थेट सगळ्या ओळींतून जुळवून काढायची पद्धत) चालवून शिखराची रुंदी आणि फेज ताडून बघणार आहे. अख्ख्या दृश्यावर नाही, एवढ्याशा चौकोनावरच. माझ्या लॅपटॉपची तेवढीच ताकद.