आधी लिहून घ्या, मग पैसे भरा

लोकअदालतीची नोटीस आली तेव्हा वाडीत बोभाटा झाला, की आता बेलीफ येणार. पण प्रकरण दाखलपूर्व होतं. म्हणजे बँकेने दावा लावलाच नव्हता, तडजोड जमते का बघायला दापोलीला बोलावलं होतं. थकबाकी क्रेडिट कार्डाची. जून २०२० च्या निसर्ग वादळात छपराचे पत्रे उडाले, तेव्हा घेतलेल्या सामानाची. आकडा लवकर ठरला, व्याज बरंचसं सोडलं.

अडलं कागदावर. बँकेच्या माणसाने छापील फॉर्म पुढे केला. त्यात भरायची रक्कम होती, पण बाकीची रक्कम सोडली असं कुठेच नव्हतं. म्हणजे मी सगळं फेडल्यावरही हे उरलेलं मागायला मोकळे! म्हटलं, ‘पूर्ण व अंतिम’ असं लिहा. तो म्हणाला, “काका, सही करा, पहिला हप्ता भरा, लेटर मेलवर येईल.” मी हलेना. मग त्याचे मुंबईला फोन. साहेब मीटिंगमध्ये, साहेब जेवायला, साहेबांचा फोन बंद. माझ्यामागून आलेले लोक सह्या ठोकून एसटीला गेले. डोकं असं तापलं होतं, की उठून जावंसं वाटत होतं. शेवटी पॅनेलवरच्या वकीलबाईच म्हणाल्या, लोकअदालतीच्या निवाड्यात हाताने लिहा नि दोघं सह्या करा. पाच मिनिटांचं काम!

निवाड्यावर अपील नाही, त्याला हुकूमनाम्याचं, म्हणजे कोर्टाच्या निकालाचं बळ असतं. हप्ता चुकला तर बँक थेट दरखास्त लावते, म्हणजे नवा दावा न लावता वसुलीचा अर्ज कोर्टात टाकते. म्हणून झेपतील तेच हप्ते कबूल करा. मी मोठा हप्ता आंब्याचे पैसे हातात आल्यावरचा मागून घेतला.

आणि हो, फोनवर जेलची भीती घालतात, तिला भिऊ नका, हे दिवाणी येणं आहे. सकाळी आठच्या आधी नि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. पगारावर जप्ती आली तरी पहिले हजार रुपये आणि उरलेल्यातले दोन तृतीयांश सुटतात. पण कोर्टाचं समन्स आलं तर घरी बसू नका. ऑर्डर ३७ खालच्या, म्हणजे पैशाच्या झटपट चालणाऱ्या दाव्यात दहा दिवसांत हजेरी लावावी लागते.

सगळे हप्ते संपल्यावरही बँक नो ड्यूजचं, म्हणजे काही येणं उरलं नाही असं पत्र देईना. निवाड्याची नक्कल जोडून बँकेच्या तक्रारी बघणाऱ्या नोडल अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार टाकली, तेव्हा आलं. सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत मात्र ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो, त्यामुळे नवं कर्ज काढायचं असेल तर सवलत घ्यायची की पूर्ण फेडायचं, ते आधीच ठरवा.