श्रोते आहेत, स्टेशन नाही

२०१३ च्या जानेवारीत माझ्या रोजच्या प्रवासात एक लहानसा बदल झाला. न्यू जर्सीतील गार्डन स्टेट पार्कवेवरून कामाला जाताना गाडीच्या रेडिओवर ९४.७ हा आकडा लागला की तोवर ख्रिस्ती प्रवचने आणि भक्तिगीते ऐकू येत. २१ तारखेपासून त्याच जागी स्टील गिटारचा लांबवलेला, किंचित हळवा सूर आणि कंट्री संगीताचे माहेरघर असलेल्या नॅशव्हिलची गाणी ऐकू येऊ लागली. नोकरीच्या ठिकाणी न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरून येणारा एक इलेक्ट्रिशियन होता. एरवी मोजकेच बोलणारा हा गृहस्थ त्या दिवशी जेवणाच्या सुटीत अर्धा तास या एकाच विषयावर बोलत राहिला. सतरा वर्षांनी शहराला आपले स्टेशन परत मिळाले, असे तो म्हणाला, आणि कंट्री संगीत हे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या शेतकऱ्यांचे आणि ट्रकचालकांचे, न्यूयॉर्कचा त्याच्याशी काय संबंध, हा माझा समज तिथेच डळमळला.

पुढे वाचत गेलो तेव्हा कळले की हा संबंध या संगीताच्या ध्वनिमुद्रणाइतकाच जुना आहे. ‘एक’ (Eck) रॉबर्टसन आणि हेन्री गिलिलंड या दोन फिडलवादकांनी जून १९२२ मध्ये व्हिक्टर कंपनीसाठी केलेल्या ज्या मुद्रिका या प्रकारातील सर्वांत जुन्या ध्वनिमुद्रणांमध्ये गणल्या जातात, त्या नॅशव्हिलमध्ये नव्हे, न्यूयॉर्कमध्ये झाल्या. १९३० च्या दशकात टेक्स रिटरसारखा टेक्सासचा गायक याच शहरात रेडिओवर काउबॉय गीते गात होता. १९६५ पासून काही वर्षे हडसन नदीपलीकडच्या हॅकनसॅकमधून डब्ल्यूजेआरझेड हे एएम स्टेशन कंट्री संगीत वाजवत असे. मात्र ज्याला सुवर्णकाळ म्हणता येईल तो आला डब्ल्यूएचएनमुळे.

मध्य लहरींवर १०५० या जागी असलेल्या या जुन्या स्टेशनने २६ फेब्रुवारी १९७३ रोजी सौम्य, मध्यमवयीन श्रोत्यांची गाणी सोडून कंट्री संगीत स्वीकारले. त्यांनी हे केले ते फार हुशारीने. निखळ नॅशव्हिल न वाजवता त्यांनी डॉली पार्टन, केनी रॉजर्स, क्रिस्टल गेल यांच्याबरोबर ईगल्स, लिंडा रॉनस्टॅट आणि एल्व्हिस यांनाही जागा दिली, त्यामुळे ब्रुकलिनमध्ये वाढलेल्या माणसाला आपण परक्या मुलखात शिरलो आहोत असे वाटेनासे झाले. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात हे स्टेशन आठवड्याला दहा लाखांहून अधिक लोक ऐकत होते आणि देशात सर्वाधिक ऐकले जाणारे कंट्री स्टेशन म्हणून त्याचे नाव होते. टेक्सास किंवा टेनेसीतील स्टेशनला तेवढे श्रोते मिळणे कठीण होते, कारण तिथल्या कोणत्याही एका शहरात न्यूयॉर्कइतकी माणसेच नव्हती. हा साधा हिशेब लक्षात ठेवावा, पुढच्या साऱ्या गोष्टीचा तोच पाया आहे.

त्या काळाचे एक दृश्य मला फार आवडते, जरी ते मी केवळ छायाचित्रांत पाहिले आहे. फिफ्थ ॲव्हेन्यू आणि तेरावा रस्ता जिथे मिळतात तिथे सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात लोन स्टार कॅफे सुरू झाला आणि १९७८ मध्ये त्याच्या गच्चीवर बॉब वेड या शिल्पकाराने घडवलेला चाळीस फुटी इग्वाना जाऊन बसला. मॅनहॅटनच्या त्या प्रतिष्ठित रस्त्यावर एवढा प्रचंड सरडा, आत व्यासपीठावर दक्षिणेतले नामांकित गायक, आणि तिथून डब्ल्यूएचएनवर होणारे थेट प्रक्षेपण! १९८० मध्ये ‘अर्बन काउबॉय’ चित्रपट आला आणि बूट-टोपीची लाट सगळ्या शहरांत पसरली. त्याच वर्षी १०६.७ एफएमवरचे जॅझ स्टेशन बंद करून तिथेही कंट्री आणले गेले. जॅझचे रसिक संतापले, आणि ते स्वाभाविकच होते. चारच वर्षांत हे कंट्री स्टेशनही गेले आणि तिथे सौम्य पॉप गाणी आली. एकाच्या घरात दुसऱ्याला बसवायचे आणि मग दोघांनाही बाहेर काढायचे, हा या शहराच्या रेडिओचा जुना शिरस्ता आहे.

डब्ल्यूएचएनचा शेवट १ जुलै १९८७ रोजी झाला. त्या दुपारी तिथे देशातील पहिले चोवीस तास खेळांना वाहिलेले स्टेशन, डब्ल्यूएफएएन, सुरू झाले. मेट्स या बेसबॉल संघाच्या सामन्यांचे प्रक्षेपण डब्ल्यूएचएनकडे आधीपासून होते आणि आदल्याच वर्षी मेट्सने वर्ल्ड सिरीज जिंकली होती, त्यामुळे मालकांना हा पर्याय समोर दिसतच होता. शिवाय संगीत एव्हाना एएमवरून एफएमवर गेलेच होते. कंट्रीचा झेंडा मग डब्ल्यूवायएनवाय या एफएम स्टेशनने उचलला, आधी ९७.१ वर आणि १९८८ पासून १०३.५ वर. फेब्रुवारी १९९६ मध्ये तेही बंद होऊन तिथे नृत्यसंगीत आले.

आता पुढची तारीख पाहावी. ७ ऑगस्ट १९९७ रोजी गार्थ ब्रूक्स या कंट्री गायकाने सेंट्रल पार्कमध्ये विनामूल्य कार्यक्रम केला. अग्निशमन दलाने गर्दीचा अंदाज ९ लाख ८० हजार असा दिला. हा आकडा फुगवलेला आहे असे मानणारे पुष्कळ आहेत, आणि उद्यानातील गर्दी मोजण्याची रीत पाहता मलाही तो थोडा जास्तच वाटतो, पण त्याचा निम्मा धरला तरी ती काही सामान्य सभा नव्हे. आणि त्या दिवशी मॅनहॅटनमध्ये उभे राहून ऐकता येईल असे दमदार कंट्री स्टेशन या महानगरात नव्हते. उपनगरांतील लहान लहान प्रक्षेपकांची साखळी जोडून १०७.१ वर एक प्रयत्न तेवढा चालू होता, तोही २००२ मध्ये संपला. २००५ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनने आपला पुरस्कार सोहळा नॅशव्हिलबाहेर काढून मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये आणला, तेव्हाही यजमान शहराच्या एफएमवर या संगीताला स्वतःचे घर नव्हते. इलेक्ट्रिशियनची सतरा वर्षे ती हीच.

हे असे का होते, याचे नेहमीचे उत्तर ‘न्यूयॉर्कला हे संगीत आवडत नाही’ असे दिले जाते. मला ते पटत नाही. एफएमच्या पट्ट्यावर जागा मोजक्याच असतात. एका परिसरातील दोन दमदार स्टेशनांच्या वारंवारतांमध्ये ठरावीक अंतर ठेवावेच लागते, त्यामुळे मोठ्या शहरात नवे स्टेशन उभे राहत नाही, असलेल्याचे फक्त रूप बदलते. तिथे इंग्रजी पॉप, हिप-हॉप, स्पॅनिश संगीत, बातम्या, खेळ, जुनी गाणी असे अनेक दावेदार रांगेत उभे आहेत. रेडिओचे यश ज्या आकड्याने मोजतात तो शेअर, म्हणजे त्या घटकेला रेडिओ ऐकत असलेल्यांपैकी शेकडा किती जण या स्टेशनवर आहेत. लहान शहरात शेकडा दहा मिळवणारे कंट्री स्टेशन तिथले राजे ठरते. न्यूयॉर्कमध्ये शेकडा दोन म्हणजे प्रत्यक्ष माणसे त्याहून कितीतरी अधिक, पण शेजारच्या स्टेशनला शेकडा पाच मिळत असतील तर मालकाला हे दोन खुपू लागतात, कारण जागेची किंमत दोघांचीही सारखीच. त्यात हे श्रोते राहतात लाँग आयलंड, स्टेटन आयलंड, हडसन खोरे आणि न्यू जर्सीच्या उपनगरांत, आणि जाहिरातींचा पैसा वाटणारी मंडळी मॅनहॅटनमध्ये बसतात. ज्यांच्या ओळखीत कंट्री ऐकणारा एकही माणूस नाही त्यांना असे लाखो श्रोते आहेत हे आकडे दाखवूनही खरे वाटत नसावे, असा माझा तर्क आहे.

फिलाडेल्फिया न्यूयॉर्कपासून दीडशे किलोमीटरवर आहे. तिथे ९२.५ वर डब्ल्यूएक्सटीयू १९८४ पासून कंट्री वाजवत आहे. बॉस्टनमध्ये डब्ल्यूकेएलबीने वारंवारता अनेकदा बदलली, परंतु १९९० च्या दशकापासून संगीत बदलले नाही. ही दोन्ही शहरे काही दक्षिणेत नाहीत. तिथे जागेसाठीची चढाओढ तुलनेने कमी आणि उपनगरांचे वजन अधिक, एवढाच काय तो फरक.

माझ्या पिढीतील पुष्कळांच्या घरी संध्याकाळी आकाशवाणीवर कामगार सभा लागत असे. दिवसभराचे काम उरकलेल्या माणसासाठी रेडिओने राखून ठेवलेली ती वेळ होती, आणि पार्कवेवरच्या कोंडीत ९४.७ ऐकताना मला अनेकदा तिचीच आठवण होई. गाणी निराळी, पण घर, कर्ज, नोकरी आणि सुटलेले गाव हे विषय सरळ शब्दांत मांडण्याची रीत ओळखीची होती.

ऑक्टोबर २०२१ मध्ये ९४.७ वर जुने हिप-हॉप सुरू झाले. साडेआठ वर्षांहून थोडा अधिक काळ ते स्टेशन टिकले, म्हणजे आधीच्या डब्ल्यूवायएनवायइतकेच म्हणायचे. इलेक्ट्रिशियन आता निवृत्त झाला आहे, फोनवर गाणी ऐकतो, आणि मध्ये बोलणारा निवेदक नसल्यामुळे वाहतुकीची बातमी कळत नाही अशी तक्रार करतो. मी मात्र नातेवाइकांकडे दक्षिणेला निघालो की टर्नपाइक या महामार्गावर ट्रेन्टनच्या अलीकडूनच ९२.५ लावून ठेवतो. आधी नुसती खरखर ऐकू येते, मग एखाद्या चढावर दोन ओळी, पुन्हा खरखर, आणि त्यानंतर गाणे स्थिर होते.