फुंकर मारणारा चेहरा

पोळा झाला की आमच्याकडे पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कमरेच्या वर जाते आणि फवारणीला जोर येतो. 2017 साली आमच्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हापासून या दिवसांत मी, गावची आशा सेविका, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर सूचना टाकते. नुसता मजकूर कोणी वाचत नाही, म्हणून यंदा इमोजी घालून रंगीत चित्र केलं.

सुरुवातीला जोडलेले हात आणि गुलाबाचं फूल. पाच मिनिटांत खाली तिघांनी लिहिलं, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. एकानं विचारलं, “कोण गेलं?” त्याचीही चूक नाही, आमच्या गटात ती जोडी त्याच कामाला येते. कवटी टाकली होती, तर पोरांच्या लेखी कवटी म्हणजे हसून हसून मेलो. गावात कीटकनाशकाला औषधच म्हणतात, म्हणून मी गोळीचं चित्र घातलं होतं. एका काकूनं विचारलं, फवाराच्या आधी गोळी घ्यायची का?

इथवर हसण्यावारी गेलं. पण ‘वारा पाठीशी ठेवा’ याच्यापुढं मी गाल फुगवून फुंकणारा चेहरा लावला होता. शेजारचे काका म्हणाले, “नोझल अडकलं का तोंडानं फुंकाचं, असंच सांगतं ना बाई?” माझ्या पोटात गोळा आला. जे करू नका म्हणून वर्षानुवर्षं घसा कोरडा केला, तेच माझं चित्र करायला सांगत होतं. लगेच सगळ्यांसाठी डिलीट केलं.

मग आधी चित्र दाखवायचं आणि नंतरच गटावर टाकायचं, असं ठरवलं. ‘समजलं का?’ विचारलं की माणूस भिडेखातर हो म्हणतो. म्हणून मी एवढंच विचारायची, “यात काय दिसते?” आणि गप्प बसायची. (गप्प बसणं मला सगळ्यात जड गेलं.)

हिरव्या रंगाचा घोळ असाच कळला. कीटकनाशकाच्या डब्यावरच्या चौकोनात लाल सर्वात जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे कमी विषारी, बिनविषारी नव्हे. पण एक पोरगा म्हणाला, “हिरवं हाय, म्हणजे चालते.” सिग्नलला हिरवं, बरोबरची खूण हिरवी; त्याला तरी कसं वेगळं वाटणार? मीच ‘हातमोजे घाला’पुढं हिरवी खूण केली होती. ती काढली. डब्याच्या रंगाचं मात्र अजून तोंडानंच समजावते. त्याला चित्र सापडलं नाही.

शेवटी इमोजी सोडले आणि भाच्याला घेऊन वावरात गेले. काठीला दुपट्टा बांधला, तो ज्या बाजूला उडतो तिकडं तोंड करून भाचा उभा. दुसऱ्या फोटोत नोझल आणि दातांचा जुना ब्रश. एका फोटोत एकच गोष्ट, चार मोठे शब्द. भर उन्हात तडकलेल्या स्क्रीनवर त्याहून जास्त वाचवत नाही. सोबत वऱ्हाडीत माझा आवाज: चक्कर, मळमळ, डोळ्यापुढं अंधारी आली तर कपडे काढा, साबणानं अंग धुवा, 108ला फोन करा, दवाखान्यात औषधाचा डबा सोबत न्या.

नोझलचा फोटो शेजारच्या आजीला दाखवला. “काय दिसते?”

तिनं फोन डोळ्याजवळ नेला. “ब्रशानं घासून राहिला. फुंकून नाही राहिला.” मग बोटानं फोटो मोठा केला. “अन् हा पंप तं आमच्या बुढ्याचा व्हय. कवा नेला व?”