किलोच्या भावात शेफिल्डचं पोलाद

गोव्यात लिलावाचं बाळकडू देवळातच मिळतं. उत्सवात पावणी लागते, देवापुढचा नारळ किंवा केळ्यांचा घड बोलीवर चढतो, आणि शंभराच्या वस्तूला हजार मोजणाऱ्याचं सगळ्या मंडपात कौतुक होतं. तिथे जास्त मोजणं ही भक्ती असते, थोडा रुबाबही असतो. हत्यारांच्या लिलावाला जाताना ही सवय घरी ठेवून जावी लागते. तिथे जिंकल्यावर शेजारी उभ्या असलेल्या भंगारवाल्याला तुमची कीव आली, तर सौदा फसला असं समजावं. त्याला आश्चर्य वाटलं नाही, तर सौदा बरा.

मी फोंड्याला घरामागच्या शेडमध्ये फर्निचर करते. हाताने करते, म्हणून हत्यारं चांगली लागतात. परदेशातून नवा दर्जेदार रंधा मागवला तर वाहतूक आणि जकात धरून वीस-तीस हजार रुपये सहज जातात. त्याच कामाचा, पन्नास-साठ वर्षं जुना इंग्लिश रंधा भंगारात बीड, म्हणजे ओतीव लोखंड, म्हणून किलोवर जातो. या दोन भावांमधल्या फटीत माझं सगळं दुकान उभं आहे म्हणा ना.

आणि गोव्यात असा माल निघतो, त्याला कारण आहे. १९५५ च्या सुमारास भारताने पोर्तुगीज गोव्याची नाकेबंदी केली, तेव्हापासून १९६१ पर्यंत इथे बराच माल थेट समुद्रातून, युरोपमधून यायचा. शिवाय आफ्रिका, आखात आणि बोटींवरच्या नोकऱ्या करून परतलेल्या माणसांच्या ट्रंकांमध्ये चांगलं पोलाद असायचं. खाणींच्या आणि बार्जांच्या कार्यशाळा होत्या, लाकडी होड्या बांधणारे होते. मुक्तीनंतर सरकारी तांत्रिक शाळा निघाल्या, त्यांच्या कार्यशाळांतही सुरुवातीला चांगलं सामान आलं. आता त्या कार्यशाळा एकतर बंद होतात किंवा मशीनवर जातात, आणि हत्यारांवर 'निर्लेखित', म्हणजे हिशेबातून काढून टाकलेलं, असा शिक्का बसतो.

मी सांगतेय तो लॉट, म्हणजे एकत्र विकायला काढलेलं सामान, अशाच एका कार्यशाळेचा. वर्तमानपत्रात चार ओळींची सूचना होती: निरुपयोगी लोखंडी व लाकडी साहित्य, जसे आहे तसे, जिथे आहे तिथे, मोहोरबंद निविदा. सूचनेत 'रंधा' किंवा 'पटाशी' हे शब्द शोधत बसलात तर जन्मात काही मिळणार नाही. यादी करणारा कारकून पंखे, टेबलं आणि रॅक मोजतो. बाकीचं 'इतर किरकोळ सामान'. मी सामानाकडे बघतच नाही, खोली कोणती रिकामी होतेय ते बघते. 'जुनी सुतारकाम शाळा' एवढं दिसलं तरी मला पुरे.

खरी खरेदी पाहणीच्या दिवशी होते. निविदा उघडतात त्या दिवशी फक्त निकाल लागतो. म्हणून पाहणीला मी आमच्या ओळखीच्या मेस्तकाकांना घेऊन जाते. त्यांचं वय सत्तरीच्या पुढे, घराण्यात देवळांच्या रथांचं आणि मखरांचं काम. सोबत टॉर्च, सहा इंची स्टीलची पट्टी, लोहचुंबक, छोटी कानस, चिंधी आणि थोडं रॉकेल. एवढं सामान पर्समध्ये मावतं. आणि एक सांगते, बाईमाणूस असण्याचा इथे फायदाच होतो. सागवानी टेबलं स्वयंपाकघरासाठी न्यायला आली असेल, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. एका व्यापाऱ्याने तर आपुलकीने सल्ला दिला, "मॅडम, टेबल में दीमक देख लेना. बाकी सब किलो का माल है."

टेबलांना वाळवी नव्हती. टेबलांखाली वाकून बघितलं तर चारांपैकी दोन टेबलांना रेकॉर्ड कंपनीचे व्हाईस, म्हणजे लाकूड पकडायचे शिकंजे, ५२½ नंबरचे. नऊ इंची जबडा, तेरा इंच उघडतो, आणि पुढे एक छोटी कळ असते, ती दाबली की मळसूत्र सुटून जबडा सरळ मागे-पुढे सरकतो. एकेक पंधरा किलोंहून जड. बघणाऱ्याला ते लोखंड दिसतं, म्हणूनच त्यांची किंमत लोखंडाची होते. कळ दाबून पाहिली, चिकट होती पण सुटली. मग दांडा फिरवला; कळ दाबली की सुटणारा आतला अर्धा नट मळसूत्राला धरत होता, घसरत नव्हता. जबड्यांच्या कोपऱ्यांत टॉर्च मारून तडा शोधला. नव्हता. उरलेले दोन व्हाईस कुठल्याशा स्थानिक ओतशाळेतले, एकाचा जबडा तुटलेला.

कोपऱ्यात एक पेटी होती. वर तुटक्या करवतींचा ढीग, खाली रंधे. इथे मेस्तकाका पुढे झाले. रंधा हातात घेऊन त्यांनी बोटाच्या सांध्याने टकटक केलं, कानाशी धरला. बीड अखंड असेल तर आवाज खणखणीत येतो, तडा असेल तर बसका. "बाय, गंज बघून घाबरू नकोस," ते हळूच म्हणाले, "खड्डे बघ." लाल गंज वरवरचा असतो, तो पुसला जातो. पात्याच्या सपाट पाठीला, धारेजवळ खोल खड्डे पडले असतील तर मात्र धार कधीच अखंड लागत नाही, कारण पाठ आणि उतार जिथे मिळतात तिथेच धार असते. मग पातं किती उरलंय ते बघायचं. खाचेपासून धारेपर्यंत बोटभर जागा नसेल तर ते पातं संपलंय.

तडा बहुतेक वेळा तोंडाच्या कोपऱ्यात असतो, जिथून भुसा वर येतो तिथे. तिथली धूळ चिंधीने काढून बघावी. तळावर पट्टी उभी धरून पलीकडून टॉर्च मारला की बाक लगेच कळतो. थोडा बाक काचेवर सॅंडपेपर लावून घासून निघतो. पीळ असेल तर मी रंधा सोडून देते. आणि स्क्रू मोजायचेच. स्टॅन्ले कंपनीच्या रंध्यांचे आटे वेगळेच असतात, बाजारातला कुठलाही स्क्रू त्यांत बसत नाही. एक हरवलेला स्क्रू म्हणजे महिनोन्‌महिने शोधाशोध.

पेटीत स्टॅन्लेचा पाच नंबर निघाला, चौदा इंची, वर 'मेड इन इंग्लंड'. स्टॅन्ले मूळची अमेरिकन, पण १९३० च्या दशकात तिने शेफिल्डमधला, म्हणजे इंग्लंडमधल्या पोलादासाठी प्रसिद्ध शहरातला, कारखाना घेतला आणि तिथेही रंधे काढले. त्याखाली सात नंबर, बावीस इंचांचा लांब रंधा, दोन फळ्यांच्या कडा जुळवायला याच्यासारखा दुसरा नाही. त्याची मागची मूठ तुटलेली होती. मूठ मी शिसवाची करू शकते, त्यामुळे तुटलेली मूठ ही माझ्या दृष्टीने सवलत. आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला रेकॉर्डचा ०४४, खाचा पाडायचा रंधा. याला मूळ आठ पाती असतात. पेटीत पाच होती.

पटाश्यांचा ढीग मी लवकर उरकला. ज्यांची टोकं निळी पडलेली दिसली त्या बाजूला. ग्राइंडरवर कोणीतरी जाळल्या की पोलाद मऊ होतं. बाकीच्यांच्या कडेवर, कुणाला दिसणार नाही अशा जागी, धारेपासून थोडं मागे कानस हलकी फिरवली. कानस घसरली तर पाणी चांगलं बसलंय, चावली तर मऊ. मार्पल्स कंपनीच्या दोन-तीन आणि 'कास्ट स्टील' छापाच्या जुन्या काही कामाच्या निघाल्या. तो छाप म्हणजे मुशीत वितळवलेलं पोलाद, बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात शेफिल्डला सुरू केलेल्या पद्धतीचं. जुन्या पटाशीवर तो दिसला की मी गंजाकडे दुर्लक्ष करते.

करवतींमध्ये दात बोथट असले तरी चालतात, ते कानशीने परत काढता येतात. पात्याला मोड पडली असेल तर ती जात नाही. डोळ्यासमोर धरून पात्याच्या कडेवरून नजर फिरवायची, बस्स. तिथे ठेवण्याजोगी एकही नव्हती.

बघून झालं की सगळं होतं तसं पेटीत ठेवायचं. पुसून चकचकीत केलेला रंधा वर ठेवलात तर तुम्हीच बाकीच्यांना सांगितल्यासारखं होतं. काही लोक एका लॉटमधली वस्तू गुपचूप दुसऱ्यात सरकवतात. ती चोरी आहे, आणि पहारेकऱ्याला ती बरोब्बर कळते.

मग हिशेब. घरी बसून, कागदावर, आणि लिलावाच्या आधी. लोखंड अदमासे अडीचशे किलो, तीस रुपयांनी साडेसात हजार. भंगारवाल्याची बोली इथून सुरू होणार, सागवानाचे पैसे धरून पंधरा-सोळा हजारांत थांबणार, कारण त्यालाही नफा हवा. मला हव्या त्या वस्तूंची बाजारातली किंमत मी तीस हजारांच्या आसपास धरली आणि तिची अर्धी केली. अर्धी का? कारण साफसफाईचे दिवस माझे, न दिसलेले दोष माझे, आणि विकायला गेले तर गिऱ्हाईक शोधणंही माझं. त्यात उरलेलं भंगार विकून येणारे पैसे मिळवले, टेम्पो, हमाली आणि जीएसटी वजा केले. उरला तो माझा शेवटचा आकडा. तो एकदा लिहिला की खोडायचा नाही. शेफिल्डचा छाप वाचून मन हळवं होतं, म्हणून हा नियम.

निविदेसोबत बयाण्याचा डिमांड ड्राफ्ट, पॅनची प्रत, सही-शिक्क्याचा अर्ज. एवढंच. आकडा मात्र गोल लिहायचा नाही. देवळात आपण एक हजार एक लिहितो, त्या सवयीचा इथे उपयोग होतो. व्यापारी पाचशेच्या पटीत लिहितात. मी लिहिलं १६,६५१. लखोटे उघडले तेव्हा माझ्या खालची बोली १६,५०० होती. माझा वरचा आकडा अजून दूर होता, पण उघड बोली असती तर हा लॉट याच भावाला सुटला असता असं मला वाटत नाही. समोरासमोर माणसं चिडीला येतात. म्हणून मला मोहोरबंद निविदा आवडतात.

सोळा हजार पाचशेवाला तोच, दीमक बघायला सांगणारा. मी तिथेच त्याला विचारलं, "भाईसाब, बाकी का लोहा आप लोगे?" तो हसला. पैसे भरून गेटपास मिळाल्यावर उचलायला मुदत असते, ती चुकली की जागेचं भाडं लागतं. त्यामुळे त्याचाच पिकअप आणि त्याचीच माणसं घेतली. टेबलांवरून माझे दोन व्हाईस सोडवले, पेटी आणि सागवान एका बाजूला काढलं, आणि पंखे, रॅक, उरलेले व्हाईस, करवती गेटवरच्या काट्यावर त्याला किलोने विकल्या. पाचेक हजार परत आले. तो खूश, कारण लिलावात उतरून सगळा लॉट डोक्यावर घेण्यापेक्षा त्याला हे सोयीचं. आता एखाद्या गोडाऊनमध्ये अशी पेटी दिसली की तोच मला फोन करतो, आणि मी किलोचा दीडपट भाव देते. कधीकधी लिलावाला जायचीही गरज पडत नाही.

गंज काढायला पात्यांसाठी सुरेचा, म्हणजे माडीचा, शिरका (व्हिनेगर), तोच जो सोरपोतेल या डुकराच्या मटणाच्या पदार्थाला लागतो. रात्रभर बुडवून ठेवायचं, सकाळी ब्रशने घासायचं, खायच्या सोड्याच्या पाण्यात धुवायचं आणि लगेच कोरडं करून तेल लावायचं. रंध्यांच्या अंगांसाठी बादलीत धुण्याचा सोडा आणि जुना बॅटरी चार्जर: हत्यार ऋण टोकाला, जुना लोखंडी पत्रा धन टोकाला, दोघांचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. हे उघड्यावरच करावं, हायड्रोजन सुटतो. आणि पत्रा स्टेनलेसचा कधीच नको, त्यातून क्रोमियमचं विष पाण्यात उतरतं. गोव्यात तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, त्यामुळे साफ केलेलं पावसाळ्यात जपणं हे वेगळंच काम. मी पेटीत कापराच्या वड्या ठेवते आणि चतुर्थीच्या आधी एकदा सगळ्यांना तेलाचा हात फिरवते.

सात नंबरला शिसवाची मूठ बसली, पाच नंबर रोज वापरात आहे, एक व्हाईस माझ्या बाकाला आहे आणि दुसरा मेस्तकाकांच्या. पाहणीला येण्याचे त्यांनी पैसे घेतले नाहीत, व्हाईस मात्र लगेच घेतला. ०४४ च्या कमी असलेल्या तीन पात्यांपैकी दोन शेजारच्या मुलाने इंग्लंडमधल्या स्विंडनहून आणली. तिकडे आपले बरेच गोंयकार आहेत, आणि रविवारच्या जुन्या बाजारात असली पाती सुट्टी मिळतात. अष्टमांश इंचाचं मात्र त्यालाही अजून सापडलेलं नाही.