कोऱ्या माळावर वाइनचा मळा: दिंडोरी, गंगापूर, विंचूर

पारनेर तालुक्यात आमची सहा एकर बरड आहे. वर वीतभर माती, खाली मुरूम, बांधाला दोन लिंबाची झाडं. पावसाळ्यात बाजरी निघते, एरवी माळ मोकळाच. इथे वाइनची द्राक्षं लावायची आणि पुढेमागे स्वतःची छोटी वायनरी उभी करायची, हे चुलतबहिणीच्या मनात तीन वर्षांपासून होतं. ती कृषी पदवीधर, मी हिशेब बघणारा, जमीन काकांच्या नावावर. काका म्हणाले, "आधी ज्यांनी केलंय त्यांच्या बांधावर जाऊ, मग बोलू." म्हणून फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तिघं संगमनेर-सिन्नर मार्गे नाशिकला निघालो.

पहिला मुक्काम दिंडोरी तालुक्यात, नाशिकपासून पंचवीसेक किलोमीटरवर. ओळखीतून एका बागायतदारांकडे जायचं ठरलं होतं. त्यांच्याकडे आठ वर्षांची सोव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षाची बाग आणि शेजारी वर्षभरापूर्वी लावलेला नवा प्लॉट, दोन्ही एका नजरेत दिसतात. असं ठिकाण शोधाच. उभी बाग बघून काम किती पडलं ते कळत नाही, नवा प्लॉट बघून कळतं.

नव्या प्लॉटमध्ये गेल्या फेब्रुवारीत खुंटं, म्हणजे ज्यांवर कलम बांधतात ती मुळांची रोपं, लावली होती. सप्टेंबरात त्यांवर कलमं बांधली, आणि आम्ही गेलो तेव्हा रिकट घेऊन, म्हणजे कलमाची काडी खाली छाटून, आलेली नवी फूट सुतळीने बांबूला बांधणं चाललं होतं. हा खोड उभं करण्याचा टप्पा. मग ओलांडा, म्हणजे तारेवर आडवी नेलेली मुख्य फांदी, तयार करायचा, मग त्याच्यावर काड्या. खुंट लावल्यापासून पहिली जेमतेम तोडणी हाती यायला दोन वर्षं, आणि पूर्ण माल तिसऱ्या-चौथ्या वर्षी. मांडवाचे लोखंडी अँगल, तारा, ठिबक, शेततळं हा सगळा पैसा मात्र पहिला घड दिसायच्या आधीच जमिनीत गेलेला असतो. लागवड आठ बाय चार फुटांवर, म्हणजे एकरी साधारण १,३६० वेली. ओळी दक्षिणोत्तर, म्हणजे ऊन दोन्ही अंगांनी मिळतं.

प्लॉटच्या कडेला तीन फुटांचा एक खड्डा त्यांनी मुद्दाम उघडा ठेवला आहे. ते आत उतरले, खुरप्याने खड्ड्याची भिंत खरवडली. वरचा हातभर थर तांबूस, त्याखाली पिवळट मुरूम, आणि मुरुमात हरभऱ्याएवढे पांढरे खडे. खिशातून छोटी बाटली काढून त्यांनी पातळ केलेल्या ॲसिडचे चार थेंब त्या खड्यांवर टाकले. फस्सकन फेस आला. "ही चुनखडी. हिच्यामुळे लोह मिळत नाही आणि पानं पिवळी पडतात. तुमच्याकडे बघितलंय का?" आम्ही बघितलं नव्हतं. खड्डा न खणता, माती आणि पाणी दोन्ही न तपासता खुंट निवडू नका. डॉगरिज जातीचा खुंट सगळे लावतात म्हणून आपणही लावायचा हे बरोबर नाही. आपल्या जमिनीतला चुना आणि पाण्यातले क्षार बघूनच डॉगरिज की ११० आर ही दुसरी जात ते ठरतं. पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात माती, पाणी आणि देठ परीक्षण होतं. आम्ही परतताना वाट वाकडी करून तिथे गेलो. नमुने बरोबर नेले असते तर एक फेरी वाचली असती.

एवढं झाल्यावर त्यांनी काकांना विचारलं, "काका, वाइनचं मग बघू. मे महिन्यात विहिरीला पाणी किती असतं?"

काका गप्प झाले. आमची विहीर दिवाळीपर्यंत भरलेली असते, संक्रांतीला खालावते. त्यापुढे कोणी कधी मोजलंच नाही, कारण बाजरीला ते लागतच नाही.

हा प्रश्न कळायचा तर छाटणी कळायला हवी, म्हणून जरा थांबतो. थंड देशांत द्राक्षवेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते. आपल्याकडे ती झोपत नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटून तिचं वर्ष आपण ठरवतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी: सगळ्या काड्या ओलांड्याजवळ एक-दोन डोळ्यांवर आणायच्या, नवीन काड्या वाढवायच्या. सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात गोडी छाटणी: त्याच काड्या फळासाठी छाटायच्या आणि डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावायची. घड दिसतात गोडी छाटणीनंतर. पण त्या डोळ्यात घड धरणार की नुसती बाळी (आधाराला गुंडाळणारा तणावा) निघणार, हे आधीच, खरड छाटणीनंतरच्या दीड-दोन महिन्यांत ठरून गेलेलं असतं. त्याला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात, आणि ती नेमकी मे-जूनमध्ये, पाण्याचे सर्वांत वाईट दिवस असताना होते. फेब्रुवारीत तोडायच्या घडाचं पाणी आदल्या वर्षीच्या मे महिन्यात द्यावं लागतं. आमच्या अख्ख्या दौऱ्याची ही सर्वांत मोलाची गोष्ट, आणि ती चहा पिता पिता कळली.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला त्यांच्याच बागेत तोडणी होती. पेठ-सुरगाण्याकडच्या मजुरांची टोळी डोक्याला बॅटऱ्या बांधून ओळींत शिरली होती. उन्हात तापलेला घड वायनरीत पोचेपर्यंत आंबायला लागतो आणि पांढऱ्या वाइनचा वास आधी उडतो, म्हणून उजाडल्यावर दोन-अडीच तासांत तोडणी आटपायची. कात्रीचा कट-कट आवाज आणि क्रेट सरकवल्याचा आवाज, बाकी शांतता. अर्ध्या तासात माझी बोटं रसाने एकमेकांना चिकटली. बहिणीच्या हातात बागायतदारांनी रसातली साखर मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर दिला. काचेवर रसाचा थेंब टाकला, उजेडाकडे धरला, २२ ब्रिक्स (ब्रिक्स हे साखरेचं माप). म्हणजे साखर पूर्ण आंबली तर ढोबळमानाने १२ टक्के अल्कोहोल. पण त्या आकड्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी आम्हाला दाणा चावून बी फोडायला सांगितलं. हिरवट बी चिवट आणि तुरट लागते. तयार बी तपकिरी असते, दाताखाली कडकन फुटते आणि भाजक्या शेंगदाण्यासारखी लागते. त्या दाण्याची चव माझ्या जिभेवर दुपारपर्यंत होती. (बागेत आपणहून दाणा तोंडात टाकू नका. कधी, कशाची फवारणी झालीय ते विचारूनच खा.)

माल ज्या वायनरीत गेला तिथे आत शिरायची परवानगी त्यांच्यामुळेच मिळाली. दांडे वेगळे करणारं यंत्र, प्रेस, मग थंड पाणी खेळवलेल्या दुहेरी भिंतींच्या स्टीलच्या टाक्या. पांढरी वाइन १२ ते १६ अंशांवर सावकाश आंबवतात, लाल त्याहून गरम. शिराझ या लाल वाइनच्या द्राक्षाच्या उघड्या टाकीवर सालींचा जाड थर तरंगत होता आणि एक मुलगा लाकडी दट्ट्याने तो खाली दाबत होता. मी वाकून वास घ्यायला गेलो तर नाकात झणका बसला. तो कार्बन डायऑक्साइड. बंद खोलीतल्या टाकीवर असं वाकणं जिवावर बेतू शकतं, तेव्हा सांगतील तिथेच उभे राहा.

तिथेच बसून मी कागद काढला. समजा आमच्या दोन एकरांत एकरी चार टन माल आला. आठ टन द्राक्षं, किलोला साधारण ६५० मिली वाइन, म्हणजे ५,२०० लिटर, सात हजारांच्या जवळपास बाटल्या. त्या विकणार कोण? टाक्या, शीतकरण, थ्री फेज वीज, जनरेटर, सांडपाण्याची सोय, उत्पादन शुल्क खात्याचा परवाना, आणि बाटली विकली जाईपर्यंत अडकलेला पैसा. बहिणीने तो कागद बराच वेळ हातात धरला होता. त्या दिवशी आमचं ठरलं की वायनरी पहिल्या पाच वर्षांत नाही.

दुपारी गंगापूर धरणाकडे. सावरगाव रस्त्यावर सुला आणि यॉर्क या वायनऱ्या जवळजवळ आहेत. सुलाच्या गच्चीवर गर्दी असते, समोर वेली, मागे जलाशय. हे बघून वाइन इस्टेट म्हणजे गच्ची आणि ग्लास असं वाटतं. क्रम मात्र उलटा आहे. सुलाचे संस्थापक राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून इथल्या घरच्या जमिनीवर आले, १९९७ मध्ये सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ लावलं, पहिली वाइन २००० साली निघाली आणि टेस्टिंग रूम २००५ मध्ये सुरू झाली. आधी वेली, मग टाक्या, मग पाहुणे. काकांना हा क्रम फार पटला. वायनरीची टूर जरूर घ्या, पण शेत बघून झाल्यावर घ्या. तेव्हा तुम्ही गाइडला विचारण्यासारखं काही विचारू शकता. आणि चाखणार असाल तर गाडी चालवणारा वेगळा ठेवा. ड्राय डे आहे का तेही निघण्याआधी बघा.

तिसरा दिवस निफाड तालुक्यात विंचूरला. राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रियेसाठी धोरण आणलं, त्यातून विंचूर आणि सांगलीकडे पलूसला वाइन पार्क झाले. पार्कात फिरायला तासभर पुरतो. त्याहून जास्त वेळ आम्ही जवळच्या एका जुन्या बागायतदारांच्या ओट्यावर बसलो. त्यांनी चार एकर कॅबर्ने, म्हणजे लाल वाइनचं द्राक्ष, लावलं होतं. २००८ नंतरच्या मंदीत माल पडून राहिला, घेणाऱ्याने करारातलं कलम दाखवून उचल थांबवली, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने मुळासकट बाग काढली. सांगताना त्यांचा आवाज बदलला. "खायचं थॉम्सन असतं तर टोपल्यात घालून हायवेला विकलं असतं. कॅबर्नेचा दाणा बारीक, बियांचा, सालीचा. खाणारं कोण?" वाइनच्या द्राक्षाला वायनरीशिवाय गिऱ्हाईक नाही, हे डोळ्यांसमोर ठेवूनच करार वाचा. किती वर्षांचा आहे, भाव ब्रिक्सवर की वजनावर, पाऊस पडून साखर घसरली तर काय, उचल नाही केली तर भरपाई कोण देणार. खुंटं मागवण्याआधी कराराचा कागद सही होऊन हातात हवा. माझ्या मते यात तडजोड करूच नये.

जाणाऱ्यांसाठी थोडं आणखी. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीअखेर तोडणी दिसते, पण त्याच दिवसांत बागायतदाराला श्वास घ्यायला वेळ नसतो. आधी फोन करा, सकाळी दहानंतर भेट मागा. छाटणी शिकायची तर एप्रिल किंवा ऑक्टोबर. एकच फेरी शक्य असेल तर मी मे सांगेन. बघायला सुंदर काही नसतं, पण कोणाकडे पाणी आहे आणि कोणाकडे टँकर येतो ते कोणाला न विचारता दिसतं. ऑक्टोबरात गेलात तर परतीचा पाऊस आणि केवडा रोग यांच्याशी माणसं कशी झुंजतात तेही कळेल. नाशिकमध्ये राहून रोज बाहेर पडणं सोयीचं, कारण दिंडोरी, गंगापूर आणि विंचूर तीन दिशांना आहेत. गाडी स्वतःची हवी, बांधापर्यंत बस जात नाही. विंचूरहून हाती दोन तास असतील तर नांदूरमधमेश्वरला पक्षी बघा. काकांना तिथून उठवावं लागलं.

घरी आल्यावर तीन ठिकाणी खड्डे घेतले. दोन चांगले निघाले, ओढ्याकडच्या तिसऱ्यात चुनखडी फसफसली, तो तुकडा सोडला. २० मे रोजी काकांनी विहिरीत दोर सोडला. ओल्या भागाची लांबी मोजली, चार फूट. तेवढ्यावर दोन एकर जगत नाहीत. यंदा अर्ध्या एकरावर शेततळं खणतोय, त्याच्या मातीतून वरचा बांध भरून घेतलाय. एका वायनरीशी एक एकराच्या कराराचं बोलणं चाललं आहे. सही झाली तर खुंटं पुढच्या फेब्रुवारीत.